वाढ रोखलेले नगर : स्टॅमफर्डच्या दगडी इमारती आणि रस्ते

लंडनपासून उत्तरेला सुमारे १४५ किलोमीटरवर, लिंकनशर परगण्याच्या अगदी दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या स्टॅमफर्ड या गावाची लोकसंख्या आजही वीस हजारांच्या आसपास आहे. परंतु कायद्याने संरक्षण दिलेल्या सहाशेहून अधिक इमारती या एवढ्याशा गावात आहेत, आणि १९६७ साली इंग्लंडमध्ये एखादा संपूर्ण परिसर ‘संवर्धन क्षेत्र’ म्हणून घोषित करण्याची तरतूद झाली तेव्हा तिचा पहिला लाभ याच गावाला मिळाला. नगररचनेच्या अभ्यासात स्टॅमफर्डचा उल्लेख बहुधा जतनाचे आदर्श उदाहरण म्हणून होतो. हा गौरव अस्थानी नसला तरी तो एका गैरसमजाला खतपाणी घालतो, आणि तो असा की या गावातील लोकांनी पिढ्यानपिढ्या आपल्या जुन्या वास्तूंवर प्रेम केले आणि म्हणून त्या टिकल्या. प्रत्यक्षात स्टॅमफर्डच्या रहिवाशांनी पैसा हाती आला तेव्हा जुने पाडले, झाकले, बदलले. जे उरले ते मुख्यतः पैसा थांबला म्हणून, आणि गावाच्या शेजारी राहणाऱ्या एका सामर्थ्यवान घराण्याला हे गाव वाढू देणे परवडणारे नव्हते म्हणून. प्रेम फार उशिरा आले. स्टॅमफर्डच्या इमारती आणि रस्ते या दृष्टीने वाचून पाहावेत, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

वाचनाची सुरुवात दगडापासून करणे क्रमप्राप्त ठरते, कारण या गावाचा रंग, त्याच्या छपरांचा उतार आणि खिडक्यांच्या चौकटींची धार ही सारी दगडाने ठरवली आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून ईशान्येकडे जुरासिक काळातील चुनखडकाचा एक लांबच लांब पट्टा तिरपा जातो आणि स्टॅमफर्ड या पट्ट्यावरच बसलेले आहे. हा खडक उथळ, उबदार समुद्रात तयार झाला. पाण्यात हेलकावणाऱ्या बारीक कणांभोवती चुन्याचे थरावर थर चढून गोल दाणे बनले आणि ते एकमेकांना चिकटून दगड झाला. माशांच्या अंड्यांसारख्या दिसणाऱ्या या दाण्यांवरून भूशास्त्रज्ञ त्याला ‘ऊलाइट’ म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या माणसाला या दगडाचा मऊपणा नवलाचा वाटेल: खाणीतून नुकता काढलेला असतो तेव्हा त्यात पाणी मुरलेले असते, त्याला ‘खाणीचा ओलावा’ म्हणतात, आणि त्या अवस्थेत तो करवतीने कापता येतो, हवेवर वाळला की तो कठीण होतो आणि वर्षे सरतात तसा मलईसारखा पांढुरका रंग सोडून मधासारखा किंवा राखी होत जातो.

परंतु ‘स्टॅमफर्डचा दगड’ असा एकच दगड नाही, आणि इमारतीचा काळ ओळखण्याची पहिली खूण येथेच सापडते. गावाच्या आग्नेयेला असलेल्या बार्नाक येथील शिंपल्यांनी भरलेला, खरबरीत आणि अतिशय टिकाऊ दगड मध्ययुगात इतका मागणीत होता की पीटरबरो आणि ईली येथील महाचर्चेही त्यानेच उभी राहिली; तो सोळाव्या शतकापर्यंत जवळजवळ संपला, आणि त्या खाणींच्या जागी उरलेले खड्डे व उंचवटे आता रानफुलांसाठी राखलेले आहेत. पश्चिमेकडील केटनचा दगड याच्या उलट, एकसारख्या बारीक दाण्याचा, धारदार कोपरे आणि गुळगुळीत पृष्ठ देणारा. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकातील घडीव चिऱ्यांच्या दर्शनी भिंतींना तो सोयीचा पडला. भिंतीत शिंपले दिसले तर काम जुने, किंवा निदान जुन्या इमारतीतून उचललेले, असे ढोबळमानाने म्हणता येते. ‘उचललेले’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे, कारण सोळाव्या शतकात मठ आणि अनेक चर्चे बंद झाल्यावर त्यांचा दगड घरांत, कुंपणांत आणि गोठ्यांतही गेला, आणि साध्या परसातल्या भिंतीत एखादा कोरीव तुकडा आजही डोकावताना दिसतो.

छपराचा दगड आणखी वेगळा, आणि त्याची कृती विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. नैर्ऋत्येकडील कॉलीवेस्टन या खेड्याच्या परिसरात वालुकामय चुनखडकाचा एक असा थर आहे की त्याच्या पातळ पाट्या निघतात. व्यवहारात त्यांना ‘स्लेट’ म्हणत असले तरी शास्त्रीय अर्थाने ती स्लेट नव्हे. या पाट्या छिन्नीने नीट सुटत नाहीत. हिवाळ्यात थरातून काढलेले ठोकळे उघड्यावर पसरायचे, ते वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि कडाक्याच्या थंडीची वाट पाहायची. आत मुरलेले पाणी गोठताना फुगते आणि दगडाचे पापुद्रे आपोआप सैल होतात. मग त्या पाट्या हातोडीने सोडवून, तासून, भोक पाडून लाकडी पट्ट्यांवर बसवायच्या: वळचणीला सर्वांत मोठ्या आणि आढ्याकडे जाता जाता लहान होत गेलेल्या. एक हिवाळा सौम्य गेला की त्या वर्षी छपराचा माल नाही. हे छप्पर जड असल्यामुळे खालचा लाकडी सांगाडा भक्कम लागतो, आणि पाणी झटकन ओघळून जावे म्हणून उतार तीव्र ठेवावा लागतो. त्यामुळे स्टॅमफर्डमध्ये दर्शनी भिंत कितीही आधुनिक थाटाची असली तरी वरचे छप्पर उंच आणि खडे असेल, तर त्या भिंतीमागे जुने घर दडले आहे अशी शंका घेण्यास जागा असते.

या घरांखालचा रस्त्यांचा नकाशा घरांपेक्षाही जुना आहे. नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेल्या आक्रमकांनी पूर्व इंग्लंडचा मोठा भाग ताब्यात घेतला, तेव्हा त्यांच्या पाच बळकट नगरांपैकी एक स्टॅमफर्ड होते. उरलेली चार म्हणजे लिंकन, नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर. ही चारही पुढे आपापल्या परगण्यांची मुख्य ठाणी झाली, स्टॅमफर्ड मात्र झाले नाही, आणि गावाच्या आयुष्यातला हा पहिला खुंटलेला फाटा म्हणता येईल. ९१८ मध्ये इंग्लिश राजा थोरला एडवर्ड याने नदीच्या दक्षिण काठावर स्वतःचा तट बांधून उत्तरेकडील डॅनिश वस्तीला शरण आणले. म्हणजे पुलाच्या दोन बाजूंना दोन गावे उभी राहिली, आणि दक्षिणेकडचा सेंट मार्टिन्स हा भाग त्यानंतर कित्येक शतके दुसऱ्याच परगण्यात, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये, मोडत होता. उत्तरेकडील वस्तीत उंचसखल जागेवर वळणे घेत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये अचानक रुंद होणारी काही मोकळी ठिकाणे आहेत. ही ठिकाणे शोभेसाठी सोडलेली नव्हेत. ते बाजार होते. ब्रॉड स्ट्रीट रुंद आहे तो गुरांसाठी, शीप मार्केट कशासाठी होते हे त्याच्या नावावरूनच कळते, आणि ब्रॉड स्ट्रीटवर शुक्रवारचा आठवडी बाजार आजही भरतो. रस्त्याकडेला अरुंद तोंड असलेल्या पण मागे लांबवर गेलेल्या जागांच्या पट्ट्यांमुळे दोन दुकानांच्या मधून परसाकडे नेणाऱ्या बोळकंड्या तयार झाल्या. पुण्यातील पेठांच्या बोळांत वाढलेल्या माणसाला त्यांची ओळख पटायला वेळ लागू नये.

बाराव्या-तेराव्या शतकांत या गावाचे लोकरी कापड इटलीतील व्यापाऱ्यांपर्यंत पोचलेले होते आणि येथील चकचकीत झिलईची मातीची भांडी इंग्लंडभर जात होती. त्या संपत्तीचे अवशेष आज जमिनीवर कमी आणि जमिनीखाली अधिक आहेत: सेंट मेरीज हिलच्या उतारावर काही दुकानांखाली दगडी कमानींनी तोललेली तेराव्या शतकातील तळघरे आहेत, ज्यांत व्यापारी आपला माल ठेवत. वर मात्र सेंट मेरी चर्चचा तेराव्या शतकातील मनोरा आणि त्यावर चौदाव्या शतकात चढवलेले उंच टोकदार शिखर उभे आहे, आणि नदीकडून वर पाहताना संपूर्ण चढ या शिखराकडेच खेचला गेल्यासारखा वाटतो.

१३३३ साली या गावाला आणखी एक संधी मिळाली आणि तीही हातची गेली. ऑक्सफर्डच्या विद्यापीठातील तंट्यांना कंटाळलेले काही अध्यापक आणि विद्यार्थी तेथून निघून स्टॅमफर्डला आले व त्यांनी अध्यापन सुरू केले. ऑक्सफर्डने राजा तिसरा एडवर्ड याच्याकडे दाद मागितली आणि शाही हुकमाने ही मंडळी १३३५ पर्यंत पांगवली गेली. विद्यापीठाने हा धसका इतका घेतला की आपण स्टॅमफर्डमध्ये अध्यापन करणार नाही अशी शपथ ऑक्सफर्डच्या पदवीधरांना १८२७ पर्यंत घ्यावी लागत असे. सेंट पॉल्स स्ट्रीटवरील ‘ब्रेझनोज गेट’ नावाची कमान या प्रसंगाची आठवण सांगते. त्या दारावर पितळी मुखवट्याची एक कडी होती. ती आपलीच आहे असे मानणाऱ्या ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयाने १८९० मध्ये कडी मिळवण्यासाठी मागचे संपूर्ण घरच विकत घेतले आणि कडी घेऊन गेले. दारावर आता तिची प्रतिकृती आहे.

पंधराव्या शतकातला शेवटचा मोठा लोकर व्यापारी विल्यम ब्राउन. तो कॅलेच्या ‘स्टेपल’चा, म्हणजे इंग्लिश लोकरीच्या निर्यातीचा मक्ता असलेल्या व्यापारीसंघाचा, सभासद होता. त्याने आणि त्याचा भाऊ जॉन याने ऑल सेंट्स चर्चचा मोठा भाग नव्याने बांधून त्याला देखणे शिखर दिले, आणि १४७५ च्या सुमारास विल्यमने ब्रॉड स्ट्रीटवर एक धर्मादाय निवास उभारला. ‘ब्राउन्स हॉस्पिटल’ हे त्याचे नाव ऐकून रुग्णालयाची कल्पना करू नये. त्या काळी या शब्दाचा अर्थ निराधारांना आसरा देणारी धार्मिक संस्था असा होता. दहा गरीब पुरुष आणि दोन गरीब स्त्रिया येथे राहत. त्यांनी देणगीदाराच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी हा त्यांच्या निवाऱ्याचा मोबदला होता. तळमजल्यावरच्या लांब दालनात लाकडी आडोसे घालून त्यांच्या खोल्या केलेल्या, दालनाच्या टोकाला प्रार्थनागृह, आणि वरच्या मजल्यावर हिशेबाची बैठक. व्यापाऱ्याने बांधलेल्या पुण्यकर्माच्या घरात हिशेबाचीही खोली असावी यात विसंगती त्या काळी कोणाला वाटली नसावी. १५३० च्या दशकानंतरच्या धर्मसुधारणेच्या लाटेत मठ मोडले, चर्चे एकत्र केली गेली, मध्ययुगातील डझनाहून अधिक चर्चांपैकी मोजकीच आज उपासनेसाठी उरली आहेत. पण ही संस्था मात्र तगली, आणि तिची मागची घरे एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधली गेली असली तरी वृद्धांना आसरा देण्याचे मूळ काम तेथे आजही चालते.

लोकर आणि कापड यांचा व्यापार ओसरल्यावर सोळाव्या शतकात गाव गरीब झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेलंडच्या बाजूने कालवा खोदला गेला, जवाचे माल्ट करून दूर पाठवण्याचा धंदा वाढला आणि त्याच सुमारास लंडन ते एडिंबरो या ‘ग्रेट नॉर्थ रोड’वरची वाहतूक वाढू लागली. हा हमरस्ता गावाच्या पोटातूनच जात होता. पुढची दीडशे वर्षे स्टॅमफर्ड घोडागाड्यांवर जगले, आणि आज प्रवासी ज्याला ‘जॉर्जियन नगर’ म्हणून नावाजतात, म्हणजे १७१४ पासून चार जॉर्ज राजांच्या काळात रूढ झालेल्या प्रमाणबद्ध शैलीचे गाव, ते याच पैशाचे फळ आहे.

परंतु या फळाची साल तेवढी नवी आहे. रस्त्यावरून पाहिले तर घडीव चिऱ्यांची सपाट भिंत, समान अंतरावर उभ्या उंच सरकत्या खिडक्या, मधोमध दार आणि दारावर त्रिकोणी शिरोभाग. बोळातून मागे गेले तर अनघड दगड, वाकलेल्या तुळया, पुढे झुकलेली माडी आणि भलत्याच उंचीवर बसवलेली लहानशी खिडकी. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घराला नवा दगडी मुखवटा चढवण्याची ही रीत घरमालकाला स्वस्त पडे, कारण त्यात घर पाडावे लागत नसे, भाडेकरू हलवावा लागत नसे, आणि तरीही रस्त्यावर आपण काळाच्या बरोबर आहोत हे दाखवता येत असे. खोटेपणाचा आरोप करण्याआधी हे लक्षात घ्यावे की दर्शनी भिंतीला त्या काळी सार्वजनिक वस्तूचा दर्जा होता: ती घराची कमी आणि रस्त्याची अधिक होती. काही खिडक्या चिऱ्यांनी बुजवलेल्या दिसतात. १६९६ ते १८५१ या काळात इंग्लंडमध्ये खिडक्यांच्या संख्येवर कर होता, म्हणून बुजवलेली प्रत्येक खिडकी करचुकवेगिरीची खूण समजण्याची पद्धत आहे; पण त्यांतील कितीतरी पहिल्यापासूनच आंधळ्या होत्या, कारण मागे जिना किंवा धुराडे होते आणि पुढे समतोल तर राखायलाच हवा होता.

अठराव्या शतकाच्या या सुसंस्कृत थराला योग्य असा एक रहिवासीही गावाला मिळाला. स्टोनहेंज आणि एव्हबरी येथील प्रागैतिहासिक शिळावर्तुळांचा अभ्यासक विल्यम स्टुकली १७३० पासून १७४७ पर्यंत ऑल सेंट्सचा धर्मगुरू होता आणि बार्न हिलवर राहत होता. न्यूटनला सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचल्याची हकीकत न्यूटनच्या तोंडून ऐकून लिहून ठेवणारा तो हाच. सेंट जॉर्जेस स्क्वेअरमध्ये १७२० च्या दशकात नृत्य आणि भेटीगाठींसाठी सभागृह झाले, १७६८ मध्ये शेजारीच नाट्यगृह उघडले, १७७९ मध्ये नवे नगरभवन बांधले गेले. १८०४ मध्ये विल्यम लेग याने हाय स्ट्रीटवर जाड, साध्या खांबांची एक भारदस्त ओवरी उभी केली, जिच्यामागे मांस-मासळीची मंडई होती. आता तेथे सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि वाचक जेथून आत जातात त्या दाराची ग्रीक-रोमन ऐट मुळात खाटकांसाठी होती.

दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या थांबत त्या पुलाअलीकडच्या ‘द जॉर्ज’ या सरायीत. तिची पाटी रस्त्यावर आडव्या तुळईला, थेट फाशीच्या खांबासारखी टांगलेली आहे. वाटमाऱ्यांना जरब बसावी म्हणून असा आकार दिला अशी दंतकथा आहे. आतल्या दोन दालनांच्या दारांवर ‘लंडन’ आणि ‘यॉर्क’ असे लिहिलेले आहे, कारण दोन दिशांचे प्रवासी आपापल्या गाडीची वाट वेगळे बसून पाहत. लेस्टरचा अवाढव्य देहाचा डॅनियल लॅम्बर्ट, ज्याचे वजन ३३५ किलोग्रॅम भरले होते, तो १८०९ मध्ये याच गावातील एका सरायीत वारला आणि सेंट मार्टिन्सच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मार्गदर्शक पुस्तिका त्याच्यावर अख्खे पान खर्चतात, येथे एक वाक्य पुरे.

या प्रमाणबद्ध दर्शनी भिंतींसमोर रस्त्यावर जे घडे ते मात्र प्रमाणबद्ध नव्हते. दर वर्षी १३ नोव्हेंबरला दुकाने फळ्या ठोकून बंद होत, गल्ल्यांची तोंडे गाड्या आडव्या लावून अडवली जात आणि एक बैल रस्त्यात सोडून सारे गाव त्याच्यामागे धावे. त्याला पुलापर्यंत हाकत नेऊन नदीत ढकलणे हा खेळाचा कळस. प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेने हा प्रकार बंद पाडण्याचा प्रयत्न केला, १८३० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस आणि घोडदळाचे शिपाई पाठवले गेले, तरी लोक हटले नाहीत; १८३९ नंतर बैल थांबला तो बंदोबस्ताचा खर्च गावकऱ्यांच्या अंगावर पडू लागल्यावर. सभागृहातले नृत्य आणि रस्त्यातला बैल ही दोन्ही एकाच गावाची करमणूक होती, हे आजची नीटनेटकी गल्ली पाहताना विसरले जाते.

आता त्या घराण्याकडे वळले पाहिजे, ज्याच्यामुळे ही गल्ली जशीच्या तशी राहिली. पहिल्या एलिझाबेथ राणीचा प्रमुख मंत्री विल्यम सेसिल, लॉर्ड बर्ली, याने गावाच्या दक्षिणेला १५५५ ते १५८७ या काळात बर्ली हाउस नावाचा प्रचंड वाडा बांधला. त्याचे स्मारक सेंट मार्टिन्स चर्चमध्ये आहे. त्याचे वंशज पुढे एक्सेटरचे अर्ल आणि १८०१ पासून मार्क्विस झाले, आणि गावातील घरांचा मोठा हिस्सा त्यांच्या मालकीचा झाला. स्टॅमफर्डमधून ब्रिटिश संसदेवर दोन प्रतिनिधी जात, आणि मताचा अधिकार नगराचे कर भरणाऱ्या रहिवासी पुरुषांना होता. मतदान उघड होते. भाडेकरूने कोणाला मत दिले हे घरमालकाला कळे, आणि विरोधी मताची किंमत घर सोडून मोजावी लागू शकत असे. अशा मतदारसंघाला इंग्रजीत ‘पॉकेट बरो’, म्हणजे धन्याच्या खिशातले नगर, असे नाव होते. खिसा अधूनमधून फाटेही: १८३१ मध्ये सुधारणावादी चार्ल्स टेनिसन, जो कवी टेनिसनचा चुलता होता, येथून निवडून आला आणि त्या लढतीच्या कटुतेतून त्याचे व लॉर्ड टॉमस सेसिल यांचे पिस्तुलांचे द्वंद्वही झाले.

येथे मतांचे राजकारण थेट नगररचनेत उतरते. गावाच्या उत्तरेला ‘खुली शेते’ होती, म्हणजे कुंपण नसलेली, अनेकांच्या पट्ट्यांत वाटलेली आणि सामायिक चराईचे हक्क असलेली जमीन. अशा जमिनीवर घरे बांधायची तर आधी संसदेच्या कायद्याने तिची वाटणी आणि कुंपणबंदी व्हावी लागे. इंग्लंडमधील बहुतेक शेतांची कुंपणबंदी अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी उरकली. स्टॅमफर्डची १८७० च्या दशकापर्यंत रेंगाळली. जमीन खुली होती तोवर गाव उत्तरेकडे सरकू शकत नव्हते. नवी घरे नव्हती, म्हणून सेसिलांचे भाडेकरू नसलेले नवे मतदार नव्हते. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले आणि भाडेकरूच्या मताला पहाऱ्यात ठेवण्यात अर्थ उरला नाही. कुंपणबंदी त्याच दशकात व्हावी हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. तोपर्यंत वाढणारी लोकसंख्या जुन्याच हद्दीत, परसांत आणि बोळांत कोंबली गेली. बाहेरून देखण्या दिसणाऱ्या घरांमागची दाटी आणि अस्वच्छता ही त्या देखणेपणाचीच दुसरी बाजू होती, आणि जतनाची प्रशंसा करणाऱ्या पुस्तकांत तिला फारशी जागा मिळत नाही.

याच मतदारसंघातून १८५३ मध्ये घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील रॉबर्ट सेसिल हा तरुण संसदेत गेला, आणि १८६८ पर्यंत तो तेथील प्रतिनिधी होता. त्या पंधरा वर्षांत त्याच्याविरुद्ध एकदाही कोणी उभे राहिले नाही. स्टॅमफर्डचा प्रतिनिधी असतानाच १८६६ मध्ये तो प्रथम भारतमंत्री झाला. पुढे लॉर्ड सॉल्सबरी या नावाने १८७४ ते १८७८ या काळात तो पुन्हा त्या पदावर होता, म्हणजे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले तेव्हा आणि त्यामागोमाग दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला तेव्हाही. पंतप्रधान झाल्यावर १८८८ मध्ये एडिंबरो येथील भाषणात, होबर्नमधून पराभूत झालेल्या दादाभाई नौरोजींचा संदर्भ देऊन, ‘काळ्या माणसा’ला निवडून देण्याइतकी इंग्लिश मतदारसंघाची मजल गेली असेल याविषयी त्याने शंका व्यक्त केली. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले दादाभाई १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून, बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने का होईना, निवडून आले. ज्या गृहस्थाने मतदारांची परीक्षा स्टॅमफर्डमध्ये कधी दिलीच नव्हती त्याने इंग्लिश मतदाराच्या कलाविषयी भाकीत करावे, ही गोष्ट स्टॅमफर्डच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे, जरी गावातील कोणत्याही भिंतीवर तिची नोंद नाही.

रेल्वेच्या बाबतीत मात्र सेसिल घराण्यावर अन्याय झाला आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारी ग्रेट नॉर्दर्न कंपनीची मुख्य लोहमार्गिका १८५२ मध्ये स्टॅमफर्ड टाळून पीटरबरोवरून गेली, घोडागाड्यांचा धंदा बुडाला, सरायी ओस पडल्या; आणि मार्क्विसने आपल्या बागेच्या शांततेसाठी रेल्वेला वाट नाकारली ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. पीटरबरोचा मार्ग सपाट पाणथळ प्रदेशातून जाणारा म्हणून अभियंत्यांना सोयीचा होता, हे कारण पुरेसे आहे. उलट मार्क्विसने मुख्य मार्गाला जोडणाऱ्या एसेंडाइन फाट्याला, जो १८५६ मध्ये सुरू झाला, पाठबळ दिले होते. त्याआधी १८४८ मध्ये मिडलंड कंपनीचे स्थानक झालेच होते. सॅन्क्टन वुड या वास्तुतज्ज्ञाने ते एखाद्या सोळाव्या शतकातील वाड्यासारखे, उतरत्या छपरांचे आणि छोट्या मनोऱ्याचे बांधले. यंत्रयुगाचे प्रतीक गावात शिरले ते जुन्याचा वेष घेऊन, आणि आज तेही संरक्षित यादीत आहे. पीटरबरोची लोकसंख्या आता दोन लाखांच्या वर आहे. दोन्ही गावांतील अंतर वीस किलोमीटरही नाही.

शंभर वर्षे स्टॅमफर्ड जवळजवळ पाडापाडीविना राहिले ते असे. १९४७ च्या नगररचना कायद्याने इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची श्रेणीवार यादी करण्याचे काम सुरू झाले. पण यादीत एकेक इमारत येते, आणि रस्त्याचे सौंदर्य बहुधा अशा घरांवर तोललेले असते ज्यांतील एकही स्वतंत्रपणे मोठे नसते. सेंट मेरीज स्ट्रीटवरचे एखादे साधे दुमजली दुकान काढून तेथे काचेची इमारत आणली, तर दोन्ही बाजूंची प्रथम श्रेणीची घरे कायद्याने सुरक्षित राहूनही रस्ता संपलेला असेल. खासदार डंकन सँड्स यांनी पुढाकार घेऊन मांडलेला १९६७ चा ‘सिव्हिक अॅमेनिटीज’ कायदा या जाणिवेतून आला, आणि इमारतींऐवजी परिसर हे जतनाचे एकक ठरले. भारतात मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली तेव्हा वास्तूंच्या श्रेणींबरोबर वारसा परिसरांनाही स्थान दिले, आणि खोताची वाडीसारख्या वस्तीचा विचार एका घरापुरता न करता गल्लीसकट करता आला, त्यामागे हीच विचारसरणी आहे. नियम मात्र रस्त्याचे रूप राखू शकतो, त्यामागचे जीवन राखू शकत नाही. स्टॅमफर्डमधील सेंट मायकेल चर्चची १९८० च्या दशकात दुकाने झाली. हमरस्ता १९६० मध्येच गावाबाहेरून वळवला गेला होता. ‘मिडलमार्च’ या कादंबरीवरील बीबीसीची १९९४ ची मालिका आणि २००५ चा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हा चित्रपट येथे चित्रित झाल्यापासून एकोणिसाव्या शतकाचा देखावा पाहण्यासाठी लोक येतात, आणि त्यांच्यासाठी चालणारी दुकाने गावकऱ्यांच्या रोजच्या गरजेची क्वचितच असतात.

जतनाचा खरा कस देखाव्यात लागत नाही, तो छपरावर लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कॉलीवेस्टनच्या पाट्यांच्या खाणी बंद पडत गेल्या, आणि एका छपराची दुरुस्ती करायची तर दुसऱ्या कुठल्या तरी छपराच्या जुन्या पाट्या उतरवून आणाव्या लागू लागल्या. म्हणजे संरक्षित गावाच्या डागडुजीसाठी आसपासच्या खेड्यांतील असंरक्षित गोठे आणि कोठारे उघडी पडू लागली. अलीकडे खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे आणि पाट्या सुटण्यासाठी हिवाळ्याची वाट न पाहता दगड शीतगृहात आळीपाळीने गोठवून व वितळवून फोडण्याची पद्धत यशस्वी ठरली आहे. कडाक्याचे हिवाळे पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाहीत, त्यामुळे ही सोय आता अपरिहार्यही झाली आहे. या नव्या पाट्या रंगाने अद्याप पिवळसर आहेत, आणि शेजारच्या राखी पाट्यांमध्ये त्या कोणत्या हे खालून जाणाऱ्यालाही सहज ओळखू येते.